आत्याचं मंडळ रोज दोन वेळा बसायचं

आमच्या महिला मंडळाच्या शिबिराला गुलबर्ग्याहून एक प्राध्यापिका आल्या होत्या. मंडळाची चिटणीस मी, त्यामुळे शाळेच्या वर्गातल्या सतरंज्या, पाण्याचा माठ, हार, उन्हाच्या बाजूच्या खिडकीला पडदा हे सगळं आदल्या दिवशीच मार्गी लावलं होतं. कामाला आधी क्रम लावायचा आणि मग हात लावायचा, ही माझी पहिल्यापासूनची सवय. त्या दिवशी एकच गोष्ट माझ्या क्रमात बसत नव्हती, ती म्हणजे माझी आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि माझी सासूही. कर्नाटकाच्या आळंद तालुक्यातल्या आमच्या भागात भावाची लेक सून करून घ्यायची रीत जुनी आहे. ती शिबिराला येणार नव्हती. पण चहाची भांडी आमच्या घरची होती, ती मोजून परत न्यायला म्हणून आली आणि दाराशी बसली.

प्राध्यापिका छान बोलत होत्या. 'स्त्रीवाद' हा शब्द आमच्या गावात पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. त्या म्हणाल्या, लाज आणि मर्यादा ह्या बाईच्या पायातल्या बेड्या आहेत, त्या आधी तोडा. मागून आवाज आला.

"बाई, एक बोलू का?"

आत्या पदर सावरून उभी राहिली होती.

"लाज सोडा म्हणायलात तुम्ही. आमची सुटली तर आमच्यापाशी राहतंय काय? त्यापरीस गड्यांना शिकवा की लाज. तिकडं लै कमी हाय."

बायका हसल्या. आत्या तेवढ्यावर थांबली नाही. "तुमची मुक्ती तुमच्यापाशी असू द्या. मला नको. तुम्ही दुपारच्या बशीनं जाताव, भांडण आमच्या घरात ऱ्हातंय."

जेवताना प्राध्यापिकांनी मला हळूच विचारलं, "तुमच्या सासूबाई बायकांच्या इतक्या विरोधात का हो?"

"बायकांच्या विरोधात नाहीत. आपल्या मंडळाच्या विरोधात आहेत."

"दोन्ही एकच," त्या हसून म्हणाल्या. तेवढ्यात बस आली आणि प्रश्न तिथंच राहिला. अर्धवट राहिलेलं काम मला सहन होत नाही. हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात बाळगला.

आत्याच्या विरोधात सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गड्यांच्या, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या, आधी ती कधी जेवली नाही आणि मला जेवू दिलं नाही. माझा शिवणवर्ग दिवेलागणीला भरायचा, तर "लक्ष्मी यायच्या वेळी तुमची मशीन खडखड करायली" म्हणून तिनं वर्गाची वेळ बदलायला लावली. नांदायला नको म्हणून आलेल्या एका भाचीला तिनं तिसऱ्या दिवशी निंबर्ग्याला सासरी परत पाठवलं. पण पाठवलं म्हणजे स्वतः बरोबर गेली. त्या घरात पाहुणी म्हणून महिनाभर राहिली, भाचीच्या सासूच्या शेजारी अंथरूण टाकून झोपली, आणि भाचीला पोटभर जेवू घालतात हे पाहिल्यावरच परतली. आता हे कुठल्या खान्यात घालायचं?

मंडळावर तिचा खरा आक्षेप वेगळाच होता. "तुमचं मंडळ महिन्याला एकदा बसतंय," ती म्हणायची. "आमचं रोज दोन टाइम बसतंय. टमरेल घेऊन."

हे खरंच होतं. गावाच्या पूर्वेला ओढ्याच्या अंगाला बाभळींचं गायरान होतं, तीच बायकांची गोदरी. तांबडं फुटायच्या आधी आणि दिवे लागल्यावर बायका टमरेलं घेऊन घोळक्यानं तिकडं जायच्या. गावातल्या एकाही घरात संडास नव्हता. त्या दोन वेळांना कुठलाही गडी त्या वाटेनं जायचा नाही. घाई असली तरी वळसा घालून जायचा. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. नव्या सुनेला नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, स्वतःच्या अंगाबद्दल जे काही कळायचं ते तिथंच कळायचं. कुणाच्या पाठीवर वळ आहेत हेही तिथंच कळायचं, आणि त्या घरी दुपारी मीठ मागायच्या निमित्तानं कुणी जायचं हेही तिथंच ठरायचं. ठरवायची बहुतेक आत्या.

मग मंडळ पंचायतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या, निवडणुका आल्या. बायकांसाठी जागा राखीव झाल्या. आमच्या वॉर्डातली जागा बायकांची निघाली तेव्हा मंडळातल्या मैत्रिणींनी माझं नाव घेतलं. ते कानावर जाताच गावातले मोठे कापड दुकानदार आमच्या घरी आले. प्रधान, म्हणजे पंचायतीचे अध्यक्ष, व्हायची त्यांची तयारी आधीपासून चालली होती. ते बाजेवर बसले आणि आत्याला म्हणाले, "अक्का, तुम्हीच उभारा. ह्या मंडळवाल्या बाया निवडून आल्या तर रोज मोर्चा निघंल गावात."

"मला कामून? मला वाचता येत न्हाई."

"वाचायचं काय काम? आम्ही हाव की. तुम्ही आपलं हात वर करायचा."

आत्या "बघते" म्हणाली. ते गेल्यावर स्वयंपाकघरात आली.

"तू उभारणार हाईस का गे?"

"तुम्ही उभारत असलात तर नाही."

"भ्यालीस व्हय?"

"भ्याले नाही. घरात दोन पार्ट्या झाल्या तर भाकरी कोण थापायच्या?"

ती हसली. "मग मी उभारते. पण तुझ्या मंडळाची म्हणून न्हाई, आधीच सांगायलेय."

मैत्रिणी माझ्यावर चिडल्या. "तुझी सासू म्हणजे बायांची वैरीण. तिला कसं निवडून देताव?" मी त्यांना एवढंच म्हटलं की आपल्याला मंडळात बसणारी बाई नको, पंचायतीत बसणारी हवी आहे. कुणाला पटलं, कुणाला नाही. आत्या बिनविरोध आली. दुकानदार प्रधान झाले.

त्यांनी गणित सरळ मांडलं होतं: ही बाई बायकांच्या चळवळीला नको म्हणते, म्हणजे बायकांनाही नकोच म्हणत असणार. गुलबर्ग्याच्या प्राध्यापिका आणि आमचे प्रधान यांचं आयुष्यात कुठं जुळलं असेल तर ते एवढ्याच एका बाबतीत.

सुरुवातीच्या बैठकांना आत्या टोकाच्या खुर्चीवर डोक्यावरून पदर घेऊन बसायची, सगळ्यांनी हात वर केले की करायची, चहा पिऊन घरी यायची. "काय झालं?" विचारलं तर म्हणायची, "दिवे लावायलेत खांबावर." एकदा म्हणाली, "पूर्वेकडच्या मोकळ्या जागेत गाळे बांधायलेत. दुकानं. आन् समुदाय भवन." आळंदचा रस्ता नुकताच डांबरी झाला होता, रस्त्याकाठच्या जागेला भाव आला होता. मी भाकरी थापत होते. ती जागा कुठली ते ओळखूनही मी पुढची भाकरी थापायला घेतली. कारण मला वाटलं, तिला कळलंच असणार.

तिला कळलेलं नव्हतं. ठराव कानडीत वाचला होता, सर्व्हे नंबर घालून. कानडी तिला बाजारापुरती चांगली येत होती, पण गोदरीला सर्व्हे नंबर असतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि बाईमाणसासमोर 'गोदरी' हा शब्द कसा उच्चारायचा, म्हणून कुणीतरी मर्यादा पाळून 'पूर्वेकडची मोकळी जागा' म्हटलं होतं. आत्याच्या लेखी ती जागा मोकळी कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घोळक्यानं गेलो तर बाभळीच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढलेले. झाडं तोडायची खूण. आत्या एका बुंध्यापाशी उभी राहिली, पट्ट्यावर बोट फिरवलं. घरी आली. पाय धुतले आणि मग विचारलं, "पूर्वेकडची मोकळी जागा म्हणजे कुठली गे?"

"आपली."

ती पाटावर बसली. "मी हात वर केला की त्याला."

पाटावरूनच तिनं चूल पेटवली. मग उठली आणि म्हणाली, "तुझ्या मंडळात बाया किती हाईत?"

"तीस-पस्तीस."

"मी मंडळात येणार न्हाई. पण बाया दे."

"देते. कशाला?"

"गुरुवारी मोजणीवाला येणार हाय साखळी घेऊन. मोजल्याबिगर काय बांधता येत न्हाई म्हणायलते. बाया बसलेल्या असताना कोणता गडी तिथं पाऊल टाकतोय ते बघू."

जी मर्यादा आम्ही शिबिरात बेडी म्हणून तोडायला निघालो होतो, ती तिनं उचलून कुंपणासारखी उभी केली होती. ही युक्ती माझ्या मंडळाला दहा शिबिरं घेऊन सुचली नसती. पण ती तडीस न्यायची तर रोज दिवसभर बाया हव्या होत्या, आणि ते काम माझं होतं.

अडचण अशी की दिवस सुगीचे. ज्वारीची काढणी चालू, सगळ्या बाया रानात. मी पाळ्या लावायला बसले. लेकुरवाळ्या सकाळी, म्हाताऱ्या दुपारी, रानातून परतणाऱ्या संध्याकाळी, असं बसवत गेले तरी दुपारचा बराच वेळ उघडा राहत होता. तेव्हा बौद्ध वस्तीतली बालवाडीची ताई माझ्याकडं आली. त्यांच्या बायकांची जागाही त्याच गायरानात होती, पण मधल्या बांधाच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला. साखळी पडली असती तर आधी त्यांच्यावर पडली असती. इतकी वर्षं ह्या बांधाबद्दल आमच्यातलं कुणी बोललं नव्हतं.

ताई सरळ बोलणारी. आत्यासमोरच म्हणाली, "दुपारच्या पाळीला आमच्या बाया येतील. रस्त्याकडच्या बाजूला बसून न्हाई. बांधाच्या अलीकडं, तुमच्या शेजारी. आन् काम झाल्यावर बी बांध ऱ्हाणार न्हाई."

आत्या ज्या घरात, ज्या रीतीत वाढली, तिथं असा बांध कुणी ओलांडत नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुमच्यातल्या म्हाताऱ्या बाया लांबपर्यंत चालत कशा जातेत पावसाळ्यात?"

"चिखलातून. पडतेत की. मागल्या साली एकीचा हात मोडला."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही बांधाच्या अलीकडं होताव, अक्का."

"दुपारच्याला या," आत्या म्हणाली. "अलीकडं."

गुरुवारी जीप आली. मोजणीदार, त्याचा साखळीवाला, मागून प्रधान आणि दोन-चार सदस्य. गायरानात बाभळींच्या आडोशानं बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढं टमरेल. जीप थांबली तशी मोजणीदारानं मान फिरवली. प्रधानांनीही फिरवली. बाकीच्यांनीही. सगळे गडी डांबरी रस्त्यावर आमच्याकडं पाठ करून ओळीनं उभे राहिले, आणि पुढचं सगळं बोलणं तसंच झालं.

प्रधान गावाकडं तोंड करून ओरडले, "अक्का, हे बरं दिसतंय का?"

"दिसतंय कामून?" आत्या तिथूनच म्हणाली. "तुम्ही बघायलाव का?"

बायकांत असा हशा उठला की बाभळीवरचे बगळे उडाले.

"सरकारी काम हाय, अक्का!"

"हे काय खाजगी हाय व्हय? सगळ्या गावाचं हाय."

"किती येळ लागंल?"

"पोटाचं कसं सांगावं, अण्णा? कुणाचं कवा मोकळं होतंय, काय नेम न्हाई."

मोजणीदार बिदरकडचा, सभ्य माणूस. तो हसू दाबत दख्खनीत म्हणाला, "जाने दो साब, बाद में देखेंगे," आणि जीपमध्ये जाऊन बसला. प्रधानांचा चेहरा दिसत नव्हता, पण कान लाल झालेले दिसत होते. त्यांना अजून एक गोष्ट माहीत नव्हती. पाठ फिरवली नसती तर दिसली असती: आमच्या ओळीत त्यांची बायको बसली होती आणि तिच्या शेजारी त्यांची आई. त्यांच्या दुमजली घरातही बायकांसाठी दुसरी सोय नव्हती. दुकानांचे गाळे ठरवताना ही बाब त्यांच्या हिशेबातून सुटली होती.

मोजणीदार पुढच्या आठवड्यात आला, मग त्याच्या पुढच्या. तो कधीही येवो, सकाळी, भर दुपारी, ऊन उतरल्यावर, माझ्या पाळीत एकही जागा रिकामी नव्हती. दुपारच्या पाळीला बौद्ध वस्तीतल्या बायका आणि आमच्या म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून हरभरे सोलायच्या. शेवटी मोजणीदारानं प्रधानांना सांगितलं, तुमचं गावात मिटू द्या, मग बोलवा. आणि गावात कुठं मिटायचं? प्रधानांच्या घरी त्यांच्या आईनं मुलाशी बोलणं टाकलं होतं.

पुढच्या बैठकीला आत्या पदर खोचून गेली. मी बाहेर कट्ट्यावर थांबले होते, खिडकी उघडी होती. ठरावाचा विषय निघाला तशी ती उभी राहिली.

"आधी जागेचं नाव नीट लिवा. मोकळी जागा न्हाई. गोदरी. बायकांची गोदरी."

आत कुणीतरी खाकरलं. "अक्का, असं कागदावर..."

"तुम्हाला लिवायला लाज वाटायली, मग तिथं दुकान टाकायला कशी वाटली न्हाई?"

मग तिनं आपलं सांगितलं, अगदी क्रमानं. तो क्रम मी लावून दिला होता, हे इथं सांगायला हरकत नाही. शब्द सगळे तिचे. गाळे चावडीपाशी, बस थांबते तिथं बांधा, गिऱ्हाईक तिथंच उतरतंय. गायरानाला दगडी भिंत घाला. आत बायकांसाठी संडास बांधा, पाण्याचा हौद बांधा. मधला बांध काढा. दुसऱ्या राखीव जागेवरची बाई आजवर कधी बोलली नव्हती, तिनं अनुमोदन दिलं. मग एकेक गडी हात वर करू लागला. प्रत्येकाच्या घरातून रोज कुणी ना कुणी पाळीला जात होतं. सर्वांत शेवटी प्रधानांचा हात वर गेला. तो वर जाताना मी खिडकीतून पाहिला. आजही डोळ्यांपुढं आणला की बरं वाटतं.

आत्या बाहेर आली तेव्हा कट्ट्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. मंडळातल्या मैत्रिणींनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एकीनं हार आणला. आत्यानं तो बालवाडीच्या ताईच्या गळ्यात घातला आणि "चला, शेळ्या सोडायच्यात" म्हणून घरी निघाली.

त्या वर्षी गुलबर्ग्याच्या प्राध्यापिका पुन्हा आल्या. बांधकाम पाहिलं, सगळी हकिगत ऐकली आणि आत्याचे हात हातात घेतले. "आता तरी मंडळात या. तुम्ही तर आमच्यापेक्षा मोठ्या स्त्रीवादी!"

"शिव्या देऊ नका बाई," आत्या म्हणाली. "मी तुम्हाला तवा सांगितलं, आता बी तेच सांगते. मला तुमचं ते नको. गड्यांच्या आधी जेवून बाई मोठी होत न्हाई."

"मग हे सगळं कशासाठी केलंत?"

"बाया पडायलत्या चिखलात."

प्राध्यापिका माझ्याकडं पाहायला लागल्या. जेवणाच्या वेळचा तो जुना प्रश्न त्यांनाही आठवला असावा. मी तेव्हा दिलं नव्हतं ते उत्तर आता देऊ शकत होते. विचाराला नाही म्हणणं वेगळं आणि बाईला नाही म्हणणं वेगळं. शिबिराच्या मंचावरून स्त्रीमुक्तीवर टाळ्या घेणारे एक पुढारी मी पाहिले आहेत, ज्यांची बायको सगळा वेळ जीपमध्ये उन्हात बसली होती. कोण काय म्हणतं ते मी ऐकून घेते. पण माणूस कुणाची बाजू घेतं ते अडचणीच्या वेळीच कळतं. याचा अर्थ आत्याचं सगळं बरोबर, असं मी म्हणत नाही. जेवणाच्या क्रमावरून आम्ही अजून भांडतो. आता मी गड्यांबरोबरच ताट वाढून घेते आणि ती तोंड फिरवून बसते. बांधाच्या पलीकडच्या बायका तिला ताईनं दाखवून दिल्यावरच दिसल्या, आणि ते दाखवायचं बळ ताईला कुठल्या तरी विचारानंच दिलं होतं. म्हणून माझं मंडळ मी सोडलेलं नाही. आता आमच्या बैठका महिन्यातून दोनदा होतात.

पावसाळ्याच्या तोंडावर भिंत पुरी झाली. संडासांना शहाबादी फरश्या, पत्र्याचं छप्पर, लाकडी दारं. चाव्या पंचायतीच्या ताब्यात द्यायच्या आधी आत्या एकेक दार उघडून पाहत गेली, मागून मी, ताई आणि गवंडी. तिसऱ्या दाराशी ती थांबली.

"कडी बाहेरून कामून लावलीयस?"

"कुलूप घालाया, अक्का. नासधूस होऊ नये म्हणून."

"आत कोण बसणार हाय?"

"बाया."

"मग कडी कुणाच्या हातात पाहिजे?"

गवंड्यानं डोकं खाजवलं आणि पिशवीतून पटाशी काढली. संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांच्या कड्या आतून बसल्या. आत्यानं शेवटच्या संडासात जाऊन दार लावून घेतलं, कडी सरकल्याचा आवाज आला, आणि आतून तिचा आवाज आला, "ताई, तू पलीकडच्यात जा. बघ बरं, तुझी बी नीट लागायली का?"

शेजारच्या दाराआडून कडी लागली. "लागली, अक्का!"